वॉट नंतर विचारा, आधी घरचं व्होल्टेज सांगा

पोंभुर्ण्यातून बोलतेय. मागे पंख्याची घरघर ऐकू येईल, तेवढी सांभाळून घ्या. मे महिन्यात पंखा बंद ठेवून रेकॉर्डिंग करणं माझ्याच्यानं होत नाही.

आजचा विषय आहे घरातला अँप. गेल्या काही दिवसांत व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच, "ताई, किती वॉटचा घेऊ?" कोणी मूलवरून विचारतंय, कोणी गोंडपिपरीवरून, एकानं तर पुण्याच्या होस्टेलवरून विचारलं. मी प्रत्येकाला उलटा प्रश्न विचारते की तुमच्या घरी रात्री आठ वाजता व्होल्टेज किती असतं? त्यावर तिकडून दोन मिनिटं शांतता. काहून बाप्पा, गाण्याचं विचारलं तर ही लाइटचं काय विचारते?

तर ऐका. अँप स्वतःहून आवाज तयार करत नाही. मोबाईलमधून येणारा सिग्नल अगदी अशक्त असतो, जेमतेम एखादा व्होल्ट. स्पीकरचा कोन मागेपुढे हलवायला जी ताकद लागते ती सगळी भिंतीतल्या प्लगमधून येते. अँपचं काम एवढंच, की त्या विजेला गाण्याचा आकार द्यायचा. मोबाईल म्हणजे नळ फिरवणारा हात, आणि पाणी वरच्या टाकीतलं. टाकीच अर्धी असेल तर नळ पितळेचा घ्या नाहीतर सोन्याचा, धार तेवढीच.

आता आपल्या जिल्ह्याची गंमत बघा. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. इथून वीज साऱ्या राज्यात जाते. तरी गावाच्या शेवटच्या टोकाच्या घरात रात्री ट्यूबलाइट फडफडते. यात चमत्कार काही नाही. वीज केंद्र किती जवळ आहे याच्याशी तुमच्या घरच्या व्होल्टेजचा संबंध नसतो. डीपीपासून तुमच्या मीटरपर्यंत तार किती लांब आहे, किती जाड आहे, आणि त्याच तारेवर या घडीला किती जणांचे कूलर फिरतायत, याच्याशी असतो. आमचं घर ओळीतलं शेवटचं. मी आठवडाभर आकडे वहीत लिहून ठेवले. सकाळी सहाला २३५, दुपारी २१० च्या आसपास, रात्री आठ-नऊच्या दरम्यान १७५, एकदा १६८. प्लगमध्ये नुसता खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, त्यावर आकडा दिसतो. मल्टिमीटरच्या काड्या सॉकेटमध्ये घालायला जाऊ नका, सवय नसेल तर ते काम वायरमनचं.

हे आकडे हातात आले की अँपची निवड निम्मी झालेली असते. कारण बाजारात जे अँप मिळतात त्यांची ढोबळ दोन घराणी आहेत.

पहिलं घराणं जुनं. आत जड ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, ॲल्युमिनियमचा दातेरी हीटसिंक. उचलला की खांदा दुखतो. याला क्लास एबी म्हणतात. आवाज छान असतो, यात वाद नाही. पण यातला साधा ट्रान्सफॉर्मर बिचारा प्रामाणिक. त्याला २३० मिळाले तर तो ठरलेलं देतो, १७० मिळाले तर त्याच प्रमाणात कमी देतो. आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गावर चालते. १७० भागिले २३० म्हणजे ०.७४, त्याचा वर्ग ०.५५. म्हणजे तुम्ही ५० वॉटचे पैसे मोजले आणि रात्री आठला घरी २७ वॉट चालतायत. घाबरू नका, कानाला हा फरक अडीच-पावणेतीन डेसिबलचाच आहे, तेवढा पटकन कळतही नाही. त्रास दुसरीकडे होतो. तबल्याची जोरदार थाप आली की अँपचं डोकं छताला लवकर टेकतं आणि आवाज फाटतो. मग आपण म्हणतो स्पीकर खराब झाला.

दुसरं घराणं नवं, क्लास डी. हातात मावेल एवढा डबा, आणि त्याला लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर. या अडॅप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, इनपुट १०० ते २४० व्होल्ट. या एका ओळीसाठी मी क्लास डी घेतला. तुमच्या घरी १६८ येवो की २३५, अडॅप्टर पुढे ३२ व्होल्ट म्हणजे ३२ व्होल्टच देतो. रात्री आठचा अँप आणि सकाळी सहाचा अँप एकच राहतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे महत्त्वाचं वाटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यानं बिनधास्त जुन्या घराण्यातला घ्यावा. मी सांगतेय ते आपल्या इकडच्या वायरीचं गणित आहे.

दुसरं कारण ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. क्लास एबी अँप हळू आवाजात वाजतानासुद्धा गरम राहतो, कारण घेतलेल्या विजेतला बराच भाग तो उष्णता म्हणून टाकून देतो. क्लास डी चांगला असेल तर पूर्ण ताकदीत ८५-९० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोचवतो. उन्हाळ्यात याचा अर्थ काय, तर आतल्या कपॅसिटरचं आयुष्य. ढोबळ हिशेब असा आहे की कपॅसिटरचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं. आता टिनाच्या छपराखाली, सज्जावर, शोकेसच्या काचेआड ठेवलेला अँप डोळ्यांसमोर आणा. गरम हवा वरच जमते. म्हणून अँप खाली ठेवायचा, कमरेच्या उंचीला किंवा त्याहून खाली, आणि वरून-बाजूनं निदान चार बोटं मोकळी जागा. त्यावर विणलेला रुमाल टाकायचा नाही. आईला सांगायला लागतं, मला माहीत आहे.

पण, आणि हा पण मोठा आहे. जुन्या घराण्याचा अँप बिघडला तर चंद्रपुरात सोडा, तालुक्याच्या ठिकाणीही एखादा मेकॅनिक ट्रान्झिस्टर बदलून देतो. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. क्लास डीची चिप उडाली की बहुतेक वेळा अख्खं बोर्डच टाकायचं. कुरिअरनं कंपनीकडे पाठवायचा तर मधे महिना जातो. पैसे जपून खर्च करणाऱ्या घरात याला वजन आहे. धान विकून आलेल्या पैशातून एकदा घेतलेली वस्तू दहा वर्षं टिकली पाहिजे, असं आमचे बाबा म्हणतात, आणि मला ते पटतं. मी बराच विचार केला. माझा निर्णय असा झाला की या प्रकारात सगळ्यात आधी बिघडायची शक्यता अडॅप्टरची असते, आणि तो बाहेर असल्यामुळे नुसता बदलता येतो, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा आणून लावायचा. तुमच्या ओळखीत चांगला मेकॅनिक असेल आणि व्होल्टेज २०० च्या खाली जात नसेल, तर तुम्ही उलटा निर्णय घ्या. मी भांडणार नाही.

आता किती वॉट. तुम्ही याचीच वाट पाहताय ना?

माझ्याकडे काकांचे जुने लाकडी स्पीकर आहेत, ८ ओहमचे. त्यांची संवेदनशीलता धरूया ८६ डेसिबल, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. मी बसते अडीच मीटरवर. अंतरामुळे साधारण ८ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर असल्यामुळे ३ वाढतात, खोलीच्या भिंती थोडा आवाज परत देतात. म्हणजे एकेका स्पीकरला एकेक वॉट दिला तर माझ्या कानाशी ८१ ते ८४ डेसिबल. हा आवाज मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास इथपर्यंत सुरक्षित धरते. म्हणजे रोजचं ऐकणं एका वॉटच्या आतच चालतं. मग बाकीचे वॉट कशाला? तबल्याच्या थापेला, ढोलाच्या दणक्याला. तो क्षणभराचा उसळा सरासरीपेक्षा १०-१५ डेसिबल वर जातो, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट ताकद, १५ म्हणजे तीसपट. १ वॉटवर ऐकणाऱ्याला ३० खरे वॉट लागले. दहा बाय बाराच्या खोलीत ३० ते ५० खरे वॉट भरपूर झाले.

"खरे" या शब्दावर जोर आहे. बॉक्सवर ३०० लिहिलेलं असतं, पीएमपीओमध्ये तर ५००० सुद्धा लिहितात. पीएमपीओ मोजायची कुठलीही ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे तो आकडा वाचायचाच नाही. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना कंटाळून १९७४ मध्ये सरकारनं वॉट कसे मोजायचे याचा नियम केला होता. आपल्याकडे दुकानात उभं राहून करायचा हिशेब मी सांगते. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणायचे. ३२ व्होल्ट, ५ अँपिअर, झाले १६० वॉट. भिंतीतून एवढेच येऊ शकतात. मग डब्यावर २ गुणिले ३०० लिहिलेलं असलं तरी ६०० कुठून येणार, आभाळातून? बऱ्याच डब्यांत टीपीए ३२५५ नावाची चिप असते. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कागदात ३१५ वॉटचा आकडा खरंच आहे, पण तो ४ ओहमच्या स्पीकरवर, ५० व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यावर, आणि आवाजात १० टक्के विकृती आल्यावर मोजलेला. १० टक्के विकृती म्हणजे लग्नाच्या वरातीतला आवाज. माझ्या ३२ व्होल्टवर आणि ८ ओहमवर तोच डबा पन्नास-पंचावन्न वॉट देतो. मला ते पुरून उरतात. २४ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर साधारण ३०. तेही चालतात.

नुसता पॉवर अँप आणि इंटिग्रेटेड अँप यातला फरक एका वाक्यात: पॉवर अँपला व्हॉल्यूमचा खटका बहुतेक वेळा नसतो, इंटिग्रेटेडला व्हॉल्यूम, ब्लूटूथ, बेस-ट्रेबल सगळं असतं. मोबाईलवरून ऐकणाऱ्यानं इंटिग्रेटेडच घ्यावा.

काहींनी विचारलं की देवळातला अहुजाचा अँप घरी लावू का. तो वेगळ्या कामासाठी आहे. त्याच्या मागे ७० व्होल्ट आणि १०० व्होल्टच्या पट्ट्या असतात, त्या लांबवर टांगलेल्या भोंग्यांसाठी, ज्यांच्यात आपला ट्रान्सफॉर्मर असतो. घरचा स्पीकर त्या पट्टीला जोडला तर त्याची कॉइल जळू शकते. जोडायचाच झाला तर ८ ओहमच्या पट्टीला. पण त्यात डावा-उजवा वेगळा नसतो. कीर्तनाला उत्तम, घरात गाणी ऐकायला मी नाही घेणार.

आता जोडणीकडे येते, कारण अँप बिघडतात ते इथेच.

सगळ्यात आधी, कमी व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज भयंकर. तारेतला न्यूट्रल कुठे तुटला, पावसाळ्यात फांदी पडून तुटतो, तर काही घरांत २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. टीव्ही, फ्रिज, चार्जर, एका मिनिटात सगळं जातं. लाल दिव्याचा एक्स्टेंशन बोर्ड यात काही करत नाही. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर नावाचा छोटा डबा वायरमनकडून बसवून घ्या. व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की तो लाइन तोडतो आणि ठीक झालं की थोड्या वेळानं परत जोडतो. माझ्या एकूण १५ हजारांच्या बजेटमधून पहिला खर्च याचा केला. खालची मर्यादा मात्र फार वर ठेवू नका, नाहीतर रोज संध्याकाळी घर अंधारात. मी १५० वर ठेवली आहे.

वीज कडाडायला लागली की प्लग ओढून काढायचा. बटन बंद करून भागत नाही, बटनातल्या दोन मिलिमीटरच्या फटीला आभाळातली वीज घाबरत नाही. अँपला टीव्ही जोडला असेल तर डिशची केबलही सोडवायची.

अर्थिंग. कितीतरी घरांत सॉकेटचं तिसरं मोठं भोक असतं, पण त्याच्या मागे तारच नसते. दोन पिनांचा अडॅप्टर असेल तर अँपच्या धातूच्या अंगाला बोट लावल्यावर हलकी झिणझिण लागते. तीन पिनांचा अडॅप्टर आणि खरं अर्थिंग असेल तर ती जाते. जोराचा झटका लागत असेल तर मात्र ते हलकं घ्यायचं नाही, तिथेच थांबायचं आणि वायरमनला बोलवायचं. आणि अँपमधून हूं हूं असा आवाज येतो म्हणून अर्थची पिन कापून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. तो हूं बहुतेक वेळा टीव्ही किंवा लॅपटॉपच्या केबलमधून येतो. केबल काढून बघा. आवाज गेला तर कारण सापडलं. ब्लूटूथवर ऐकताना हा त्रास येतच नाही, कारण मधे तारच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जरा लक्ष द्या. जुन्या डेकच्या वेळी बऱ्याच घरांत स्पीकरची वायर भिंतीतून नेली आहे, आणि वायर वाचवायला दोन्ही स्पीकरची काळी तार एकच ठेवली आहे. कॉमन. जुन्या डेकला ते चालायचं. क्लास डी अँपमध्ये काळं टर्मिनल म्हणजे अर्थ नसतं, त्यातूनही सिग्नल जातो. दोन्ही काळी टर्मिनल एकत्र आली की अँप गेलाच समजा. आमच्याकडेही भिंतीतून तशाच तीन तारा होत्या. त्या तशाच सोडल्या आणि प्रत्येक स्पीकरला वेगळी दोन तारांची वायर टाकली, दीड चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची. घरच्या वायरिंगला वापरतात तीच. पाच मीटरला जाऊन-येऊन ०.१२ ओहम रोध होतो, ८ ओहमपुढे तो काहीच नाही. सोन्याचा मुलामा दिलेली हजार रुपये मीटरची वायर मला कुणी फुकट दिली तरच घेईन.

वायर सोलताना एक सेंटिमीटरच सोला, तारा पिळून घ्या, एक केससुद्धा बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला लागायला नको. हे सगळं प्लग काढून. लाल ते लाल, काळी ते काळी. वायरवर रंग कळत नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, स्पीकरच्या दोन तारा त्याला क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक लाल तारेला असेल तर कोन पुढे येतो. अर्थात तेव्हा स्पीकर अँपला जोडलेला नको. एका बाजूची तार उलटी लागली तर काही जळत नाही, पण बेस गायब होतो, आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात.

मला बेसबद्दल थोडं बोलायचंय. आमचे आबाजी ८१ वर्षांचे. तरुणपणापासून झाडीपट्टीची नाटकं पाहिलेली. धान निघालं, दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, रात्रभर मंडप भरलेला असतो. आता त्यांना रात्र झेपत नाही, म्हणून ते यूट्यूबवर बघतात. नवा अँप लागला आणि पहिल्या दिवशी त्यांचं एकच, "आवाज वाढव, पोरी." वाढवला. "अजून वाढव." घराच्या खिडक्या हलायला लागल्या, तरी त्यांना संवाद कळेना. वॉट वाढवून हा प्रश्न सुटत नाही. शब्द कळतो तो स, श, त, क या बारीक आवाजांवरून, आणि वयानं नेमके तेच ऐकू येणं कमी होतं. त्यावर तबल्याचा आणि ऑर्गनचा जाड आवाज बसला की उरलेलंही झाकलं जातं. स्पीकर कोपऱ्यात जमिनीवर होते, कोपरा बेस फुगवतो. ते भिंतीपासून हातभर पुढे घेतले, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले, बेसचा खटका अर्ध्याच्याही खाली नेला, ट्रेबल थोडा वर. व्हॉल्यूम उलट कमी झाला. आबाजी आता नाटकातल्या विनोदावर आमच्या आधी हसतात.

स्टँडसाठी बाजारात जायची गरज पडली नाही. आपल्या भागात बांबूचं काम करणारे हात आहेत, चिचपल्लीला तर बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रच आहे. जाड बांबूचे तीन पाय, त्यांच्या पोकळीत वाळू भरली, वर फळी. वाळू भरल्यामुळे बांबू स्वतः घुमत नाही. मला तर ते दुकानातल्या लोखंडी स्टँडपेक्षा देखणे वाटतात.

आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेते. इन्व्हर्टरवर चालेल का? अडॅप्टरवाला अँप चालतो. ट्रान्सफॉर्मरवाला अँप स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुरगुरतो, त्याला प्युअर साइन वेव्ह लागतो. दुसरा, मोबाईलचा आवाज किती ठेवायचा? मोबाईल जवळजवळ पूर्ण, आणि कमी-जास्त अँपच्या खटक्यावर. सुरू करताना अँप शेवटी, बंद करताना अँप आधी, म्हणजे धप्प आवाज येत नाही.

आणि हो, पावसाळ्यात मुंग्या आणि पाली अँपच्या गरम पोटात घर करतात. मागच्या जाळीतून डोकावून बघत जा. भोकं मोठी असतील तर खिडकीच्या मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बाहेरून लावा, पण महिन्यातून एकदा धूळ झाडा, नाहीतर हवाच बंद.

पुढच्या भागात सबवूफर, घ्यायचा की नाही यावर. तोपर्यंत एक काम करा. रात्री आठला घरचं व्होल्टेज आणि अडॅप्टरवरची बारीक अक्षरं, दोन्हीचा फोटो मला पाठवा. वॉटचं मग मी सांगते.